भाऊबीजेची सही

१. अर्जदार ठमाबाई ही सामनेवाल्याकडे कधीही नोकरीस नव्हती.

क्षिप्राने मालकाच्या जबाबातलं हे वाक्य टाइप केलं आणि तिच्या तोंडात जुन्या तेलाची चव आली.

आदल्याच आठवड्यात ती कोलशेतला तो कारखाना पाहून आली होती. कारखाना कसला, पत्र्याची शेड. बंद पडून महिने झाले होते, कढया उपड्या घातल्या होत्या. तरी भिंतीला हात टेकला तर चिकटायचा. तिथे चकल्या आणि करंज्या तळल्या जायच्या आणि ‘आईच्या हातची चव’ असा शिक्का मारून अमेरिकेला जायच्या. ही आई म्हणजे बाळकुमची ठमाबाई. गेल्या गणपतीपासून होळीपर्यंत तिने पगाराशिवाय तळण तळलं. मालक अनिमेष म्हणायचा, बाहेरचे पैसे अडकलेत, सुटले की देतो. मग एके दिवशी शेडला कुलूप लागलं. ठमाबाई गप्प बसली असती. पण तिची सून निशा बसली नाही. तिने मोबाइलवर अर्ज लिहिला आणि कामगार कार्यालयात नेऊन दिला.

अनिमेष आला तो थेट नौपाड्यात, त्र्यंबकराव वकिलांकडे. मजुरीच्या भांडणांत ठाण्यात त्यांचा दबदबा. सकाळी कामगारांच्या बाजूने, संध्याकाळी मालकांच्या. कोणी टोमणा मारलाच तर म्हणायचे, ‘डॉक्टर नाही का, भांडणातल्या दोघांनाही टाके घालतो?’ क्षिप्रा चार वर्षं त्यांची ज्युनिअर. डोंबिवलीहून यायची. तिला पगार नव्हता. लोकांच्या पगारासाठी भांडणाऱ्या ऑफिसात तिला पगार नव्हता, आणि याचं कोणालाच काही वाटत नव्हतं, कारण ज्युनिअरला पगार नसतोच. ‘तू मला मुलीसारखी,’ सर म्हणायचे. सणासुदीला पाकीट द्यायचे.

२. अर्जदार सामनेवाल्यास भाऊ मानते. तिला वेळोवेळी दिलेली रक्कम ही मजुरी नसून ओवाळणी होती.

हे वाक्य सरांचं. सांगून झाल्यावर ते स्वतःच ‘वा!’ म्हणाले.

‘पण सर, हे खरंच आहे,’ अनिमेष म्हणाला. चाळिशीचा, गोरा, लिननचा शर्ट. ‘बेसिकली ती फॅमिलीच आहे. दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. सख्खे भाऊ येत नाहीत हो तिचे. जमिनीवर टॉवर उभे राहिले, भावांनी फ्लॅट घेतले, गाड्या घेतल्या. हिने हक्कसोड करून दिली. एक रुपया घेतला नाही.’

‘का?’ क्षिप्राने विचारलं.

‘माहेर तुटू नये म्हणून. हिस्सा मागितला तर भाऊबीज बंद होते ना त्यांच्यात.’

‘त्यांच्यातच नाही,’ सर म्हणाले. ‘माझ्या बहिणींनीही सोडलाय.’ आणि मग त्यांचे डोळे असे चमकले की क्षिप्राने मान फिरवली. ‘म्हणजे ही सही करणारी बाई आहे, अनिमेष. मग कोर्टकचेरी कशाला? यंदाची भाऊबीज कधी आहे?’

बेत तिथेच शिजला. भाऊबीजेला अनिमेषने नेहमीसारखं जायचं. ती ओवाळेल. ताटात पाकीट टाकायचं. वर एक कागद: सर्व येणे मिळाले, काही तक्रार नाही, अर्ज मागे घेते. सून कटकट करायला घरात नसेल. भाऊबीजेला ती कल्याणला, आपल्या भावाला ओवाळायला जाणारच.

‘आणि पाकिटात किती आहे ते ती बघणार नाही,’ सर म्हणाले. ‘ओवाळणी भावासमोर मोजायची पद्धत नाही आपल्यात.’

‘सर, मजुरीचा हक्क सोडला असं कामगाराने लिहून दिलं तरी ते कायद्याने रद्द असतं. तुम्हीच शिकवलंय.’

‘हो. पण रद्द करून घ्यायला कोणीतरी यावं लागतं ना, बाळा? सही केलेली बाई येत नाही. तिला स्वतःचीच लाज वाटते.’ त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. ‘तू जाशील बरोबर. बाईमाणूस असलं की बरं दिसतं.’

३.

तिसरा परिच्छेद क्षिप्राने लिहिला नाही. अर्जाच्या खाली निशाचा नंबर होता. तिने तो आपल्या मोबाइलमध्ये घेतला. नाव घातलं, ‘नि’. पूर्ण नाव घालायची हिंमत झाली नाही. आणि फोन? फोन केला नाही. त्या दिवशी नाही, लक्ष्मीपूजनाला नाही, पाडव्याला नाही.

भाऊबीज.

सर गाडीत बसून राहिले. ‘वकील दारात दिसला की लोक बिथरतात,’ म्हणाले. जणू क्षिप्रा वकील नव्हतीच.

बाळकुमचं ते घर आता चारी बाजूंनी टॉवरच्या सावलीत होतं. दारात रांगोळी. ठमाबाई नवं लुगडं नेसून उभीच होती.

‘आला रं माझा भाव!’ तिने अनिमेषच्या डोक्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. ‘मना वाटला, निशाच्या त्या कागदावरून तू रुसलास.’

‘छे गं ताई. घरातलं भांडण घरातच राहतं.’

‘ही कोन?’

‘आमच्या ऑफिसातली मुलगी.’

‘बस गो पोरी. हातावर करंजी ठेवते, उभ्यानं खाऊ नको.’

करंजी क्षिप्राच्या तळहातावर बसली. गरम होती, जड होती. ठमाबाईची पाठ वळताच तिने ती ओढणीच्या टोकात बांधली.

पाट मांडला. ठमाबाईने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं. तळून तळून काळवंडलेल्या, मनगटापर्यंत डागांनी भरलेल्या तिच्या हातांत ताट किती स्थिर होतं! अनिमेषने डोळे मिटले होते. आणि क्षिप्राला सगळ्यात किळस कशाची आली, तर त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. नाटक असतं तर तिने सहन केलं असतं.

पाकीट ताटात पडलं. पातळ पाकीट. मग त्याने क्षिप्राकडे पाहिलं, आणि क्षिप्राने पिशवीतून कागद काढला. स्वतःच्याच हाताने.

‘ताई, इथे फक्त सही. ते अर्जाचं मिटवून टाकू.’

‘काय हाय यान?’

‘हेच की तुझं-माझं काही उरलं नाही. देणं-घेणं.’

‘आपल्यान कसला देना-घेना रं,’ म्हणत ठमाबाईने पेन घेतलं.

‘ठमाबाई,’ क्षिप्रा म्हणाली. ‘आधी मोजा. पाकिटात किती आहेत ते मोजून घ्या.’

अनिमेषचे डोळे सुकले. ठमाबाईने मात्र असं पाहिलं की जणू कोणी तिच्या ताटात थुंकलं होतं.

‘तुला आई-बापानं काय शिकवला का नाय गो? ओवालनी कोन मोजतं? माझा भाव पाटावर बसलाय आनि मी नोटा मोजू?’

‘ही ओवाळणी नाही. हा तुमचा पगार...’

‘गप!’ ती म्हणाली. ‘जमीन दिली मी. तीन भावांना दिली. त्यातला एक तरी आला का आज? हा आला. परका असून आला. आनि तू मना मोजाला सांगतस?’

आणि तिने सही केली. एक-एक अक्षर कोरून. हक्कसोडीलाही अशीच केली असणार. अनिमेषने कागदाची घडी घालून लिननच्या खिशात सरकवली, पाया पडला, चिवड्याचा डबा घेतला आणि निघाला. दारातून ठमाबाईने त्याला हाक मारली. ‘फुडच्या साली पन ये रं!’

गाडीत एसी लावलेला होता, अत्तराचा वास होता.

‘झालं?’ सरांनी विचारलं.

‘झालं,’ अनिमेष म्हणाला. ‘फक्त तुमच्या मॅडमनी जरा गडबड केली. मोजा म्हणाल्या.’

क्षिप्राला वाटलं, आता ओरडतील. त्र्यंबकराव हसले. वळून त्यांनी एक पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. ‘वय आहे तिचं. होतं असं. घे, तुझी भाऊबीज. या वर्षी तू खूप राबलीस.’

क्षिप्राने पाकीट उघडलं. नोटा बाहेर काढल्या आणि थुंकी लावून एक-एक मोजायला सुरुवात केली. सरांसमोर. अंगठ्यावर अजून करंजीचं तेल होतं; नोटा चिकटत होत्या.

‘अगं, काय हे? ओवाळणी मोजतात का?’

‘चार वर्षांत कधी मोजली नाही, सर. यात एका महिन्याचाही पगार नाहीये.’

पुढे सिग्नलला गाडी थांबली. तिने नोटा सीटवर ठेवल्या आणि उतरली. मागून सर काहीतरी म्हणाले, मुलगी हा शब्द त्यात होता. दार लावलं तसा तोही बंद झाला.

रस्त्याकडेला उभं राहून तिने ‘नि’ला फोन लावला.

‘निशाताई? आज तुमच्या सासूबाईंची सही घेतलीय. सगळे पैसे मिळाले म्हणून. त्या कागदाला घाबरू नका. अर्ज मागे घेऊ नका. अशी सही कायद्यात टिकत नाही, तारखेला हजर राहून फक्त तसं सांगा.’

पलीकडे पोरांचा गलका, फटाक्याची माळ. मग निशाचा आवाज, एकदम जवळून. ‘तुम्ही कोण?’

‘वकील.’

‘कोणाच्या?’

‘मालकाच्या. होते. मगाशीपर्यंत.’

‘सही घेतली तेव्हा तुम्ही तिथे होता?’

‘हो.’

‘कागद कोणी दिला हातात?’

फटाके थांबले होते. खोटं बोलायला एवढी शांतता फार होती.

‘मी.’

‘आणि नंबर कधीपासून होता तुमच्याकडे?’

‘दिवाळीच्या आधीपासून.’

‘तारखेला येते मी,’ निशा म्हणाली. ‘आणि तुम्ही पण या. कामगार कार्यालयातल्या साहेबांसमोर उभं राहून हेच सांगा, कागद कोणी दिला. नाहीतर परत फोन करू नका.’ आणि फोन कापला.

तारखेला गेलं तर सर काय करतील, वकिलीच्या सनदेचं काय होईल, हे सगळं क्षिप्राला ठाऊक होतं. तिच्या ओढणीच्या टोकात ती करंजी अजून तशीच होती. तिथे टाकता आली नव्हती, गिळताही आली नव्हती. तिने ती काढली. घास घेतला. सारण गोड होतं, चांगलंच होतं. ती रस्त्याकडेला वाकली आणि ओकली. मग तोंड पुसून तिने मोबाइल उघडला आणि ‘नि’ खोडून पूर्ण नाव घातलं.