‘कारण’च्या पुढची जागा

मित्रांनो, मानवी ज्ञानाचा दिवा आजवर माझ्यामुळेच तेवत राहिला आहे. मी एक जुना टाइपरायटर आहे, आणि माझ्यातून मुख्यतः जंतांच्या औषधाची माहितीपत्रके बाहेर पडली.

माझे मालक गुरांचे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर ते पुस्तक सांगू लागले आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, टाइप करू लागल्या. कार्बन घालून दोन प्रती निघत. वरची छापखान्यासाठी, खालची बाईंची. तिच्यावर त्या लाल पेन्सिलीने डॉक्टरांच्या चुका काढत. काही पानांवर मजकुरापेक्षा लालच जास्त.

एका सकाळी बाईंनी टाइप केले, ‘गाय विताना माणसाने घाबरू नये, कारण’. तेवढ्यात दूध उतू जाऊ लागले म्हणून त्या उठल्या, आणि स्वयंपाकघरात कोसळल्या. परत आल्याच नाहीत.

ते पान पाच महिने माझ्या रुळावर राहिले. डॉक्टर रोज समोर बसत, बोट उचलत. पुढे काय सांगणार होतो ते आठवत नसे.

एकदा लेक भंगारवाल्याला घेऊन आली. त्याने मला उचलून वजनाचा अंदाज घेतला. तो हात मी विसरलेलो नाही.

“बाबा, नेऊ दे हे धूड. त्याच्याकडे बघून झुरताय नुसते.”

“तुझ्या आईला शब्द दिलाय. पुस्तक संपलं की ने.”

म्हणजे लिहिले नाही तर गंज, लिहिले तर भंगार.

डॉक्टरांनी बाईंचे पान जपून बाजूला ठेवले आणि पुढचे प्रकरण दोन बोटांनी बडवायला घेतले. पहिल्याच दिवशी कार्बन उलटा घातला. बाईंची प्रत कोरी निघाली. ती हातात धरून ते म्हणाले, “एकही चूक काढली नाहीस. बरी आहेस ना?”

पावसाळा सरला, हिवाळा सरला. शेवटी ते एकच वाक्य उरले. बाईंचे पान पुन्हा माझ्यात चढले. डॉक्टरांचा हात थरथरला, तसा मीही थरथरलो. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टाइप केले, ‘तिला ते कळते.’

“झालं ना बाबा? बोलावू त्याला?” लेकीने विचारले.

“झालं. पण हे तुझ्या आईला कळवायला नको?” डॉक्टरांनी कोरा कागद घातला.

तेव्हापासून रोज एक पत्र. खालची प्रत बाईंची. रिबन फिकी होत चालली आहे, आणि दारावर ‘भंगार’ अशी हाक आली की माझा जीव अजून गोळा होतो.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंचा मान वगैरे राहू द्या. कधी आमच्याकडे आलात, तर माझ्या डोक्यावरचा चहाचा कप तेवढा उचला.