एकोणिसावी ओळ

जोलीनने ओव्हनमधून कोबी-खिमा भरलेले पाव काढले आणि भाजलेलं बोट नळाखाली धरलं.

"एमेट, तुझा लॅपटॉप इकडे दे. ओळी जुळवून टाकू एकदाच्या."

दोघं ओमाहाच्या मेडिकल कॉलेजात एकाच वर्गातली, जूनमध्ये लग्न करणार होती. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, जोडीने अर्ज केला की पसंतीची यादी ज्याने त्याने वेगळी भरायची; संगणक मात्र ती ओळीला ओळ लावून वाचतो. वरून पहिली ज्या ओळीवर दोघांचंही जमेल, ती लागू. दोघांनी मिळून अठरा ओळी ठरवल्या होत्या. याद्या आज संध्याकाळी आठला बंद होणार होत्या.

जोलीनला हाडांची सर्जन व्हायचं होतं, आणि परीक्षेत तिला त्यासाठी तोकडे, दोनशे अठ्ठावीसच गुण पडले होते. एमेटच्या गुणांकडे बघून कॉलेजचे डीन खुशीत हसायचे. तिला मात्र त्यांनी बाजूला घेऊन, "त्याला तरी मोकळं कर," असं सुचवलं होतं. तेव्हापासून आपण त्याच्या गळ्यातली धोंड आहोत, हे तिच्या मनातून जात नव्हतं. म्हणून सकाळी तिने गुपचूप आपल्या यादीत खाली चार ओळी वाढवल्या. तिच्या बाजूला 'कुठेही नाही', म्हणजे ती वर्षभर घरी. समोर एमेटने त्याची मोठी रुग्णालयं भरायची. त्याच्या तोंडात घास असताना हे सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

तिने त्याची यादी उघडली. एकवीस ओळी होत्या. एकोणिसावीपासून पुढे तिन्ही ठिकाणी 'कुठेही नाही'.

"हे काय केलंस?"

एमेटने हातातला पाव खाली ठेवला. "तुला एकटीला हाडांचं मिळत असेल, तर मी वर्षभर घरी बसेन. मला काय, पुढच्या वर्षीही कुणीतरी घेईलच. बढाई नाही मारत."

"मारतोयस."

"बरं, मारतोय."

तिने आपला लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने तिची यादी वाचली, मग दोन्ही पडदे शेजारी ठेवून पुन्हा वाचला.

"म्हणजे एकोणिसाव्या ओळीला दोघंही घरी?"

"दोघंही."

"एवढे गुण मिळवून शेवटी ही माझी अक्कल!"

ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता डीनचं बोलणंही सांगून टाकलं. तो हसायचा थांबला. मग त्याने तिचं भाजलेलं बोट उलटसुलट करून पाहिलं.

"मोकळं करायला मला कुणी बांधलंय?" तो म्हणाला.

तिला फार हलकं वाटलं. त्याने आपल्या खालच्या दोन ओळी पुसल्या, तिने तीन. तो एकोणिसावीही पुसायला निघाला, तेव्हा तिने त्याचा हात धरला. अठरांत काही जमलं नाही तर दोघं तशीही घरीच; त्या ओळीने संगणकाला काहीच फरक पडणार नव्हता.

"ती राहू दे," ती म्हणाली, आणि दोघांच्या याद्या पक्क्या केल्या.