पिवळ्या दोऱ्याची काडतुसं

बंदूक गावात एकट्या बाबारावकडे होती, पण ती कशी चालवावी हे मात्र झाडून साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्या दुपारी विहाराच्या ओट्यावर जो तो बाबारावला शहाणपण शिकवत होता, आणि त्यात सगळ्यांत पुढे होता त्याचा सख्खा पुतण्या, भीमराज.

"काका, तुमचं हे बारा बोर आता म्हातारं झालं," भीमराज म्हणाला. "रायफल पाहिजे होती. तीनशे पंधराची. एका गोयीत डुक्कर आडवं."

"आन डुकराच्या आरपार जाऊन थे गोयी पुढं कोठी जाते, हे बी सांग ना," बाबाराव म्हणाला. "रायफलीची गोयी कोसभर जाते लेका. तिकडं नाल्यापलीकडं जमीरच्या वावरात कोनी राखन करत असन. मंग?"

"मंग बावीसची घ्या," मागून कोणी तरी बोललं.

"बावीसच्यानं डुकराले खाज सुटन नुसती. आन चिडलं का थे येईन तुयाच मांडीवर."

मांडीचं नाव निघालं आणि साऱ्यांच्या नजरा भीमराजकडे वळल्या. चार दिवसांपूर्वी भीमराजच्या बायकोची, ममताची, मांडी त्या डुकरानं गुडघ्यापासून वरपर्यंत उसवली होती. कापूस वेचायला ओणवी झालेली बाई, तिला पळायलाही सवड मिळाली नाही. ती यवतमाळच्या दवाखान्यात पडून होती. तेव्हापासून गावातली एकही बाई वावरात पाय ठेवायला तयार नव्हती. बोंडं फुटून कापूस लोंबत होता, दवानं काळा पडत होता, आणि सारा गाव बाबारावकडे बघत होता.

तसे उपाय काही कमी झाले नव्हते. बांधावर जुनी लुगडी बांधून झाली. न्हाव्याच्या दुकानातले केस पोतं भरून आणले आणि धुऱ्यावर पसरले. डुक्कर त्या केसांवरून चालत आलं आणि लुगड्याखालून आत शिरलं. शेवटी वनखात्याची मंजुरी आली. आता परवानाधारक माणसानं बंदूक उचलायची, एवढंच राहिलं होतं.

"उद्या पहाटीच हाका काढू," भीमराज म्हणाला. "थे मायाच तुरीत बसून रायते दिवसा. आमी खालून डबे वाजवत येतो, तुमी वर नाल्याच्या काठी बसा. फक्त गोयी दमदार भरा काका. थे चार नंबरचं नोका आनू, चिमन्या मारायचं."

"बरं," बाबाराव म्हणाला. तो उठून घराकडे निघाला.

त्याला भीती वाटत होती. डुकराला तो भीत नव्हता असं नाही, पण ती भीती निराळी. बाबारावला उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. वर्षभरापासून डोळ्यावर धुकं धरलं होतं, आणि या पावसाळ्यानंतर तर समोरच्या माणसाचं नुसतं सावट तेवढं दिसे. डावा डोळा धड होता, पण डाव्या खांद्याला बंदूक त्यानं जन्मात लावली नव्हती. नेम धरायचा तो उजव्यानंच.

हे कुणाला सांगायचं? डोळा गेला म्हटलं की परवाना गेला, आणि परवाना गेला की बंदूक गेली. ती बंदूक त्याच्या बापानं आणली होती. ज्या गावात पाटलाच्या दारापुढून जाताना बापाला वहाणा हातात घ्याव्या लागत, त्याच गावात दीक्षा घेतल्यावर काही वर्षांनी तो दुनळी खांद्यावर टाकून, पायात वहाणा घालून, सरळ त्याच दारापुढून चालत गेला होता. बापानं त्या बंदुकीनं आयुष्यात दोन-तीन डुकरं मारली असतील. पण ती खुंटीवर होती म्हणून घराची मान ताठ होती. ती आपल्या हातून जमा करायची, हा विचारच बाबारावला सोसवत नव्हता.

म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. काडतुसं सगळी एकाच लाल रंगाची, आणि नंबर मुंगीएवढ्या अक्षरात. ते जवळचं बारीक डाव्यानंही वाचता येईना, तेव्हा त्यानं वणीच्या बंदूकवाल्या हाफिजकडून ती एकेक निवडून घेतली आणि तिथंच दोरे बांधले. एकच मोठी गोळी असते त्याला काळा दोरा. वाटाण्याएवढे मणी असतात ते एलजी, डुकराचं, त्याला पिवळा. ज्वारीच्या दाण्याएवढा छर्रा तो चार नंबर, पाखरांचा, त्याला दोराच नाही. बंदुकीत भरताना दोरा सोडून टाकायचा.

हाफिजनं दोरे पाहिले होते, आणि काही विचारलं नव्हतं. फक्त म्हणाला होता, "बाबाराव, गोली निकल गयी तो फिर किसी की सगी नहीं. आगे कोई नहीं, ये पक्का देखना."

दिवेलागणीला बाबारावच्या बायकोनं, रुखमाबाईनं, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. दोघं पंचशील म्हणायला बसली. पहिलंच शील प्राणी न मारण्याचं. बाबाराव तिथंच अडखळला. रुखमाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं एकटीनं म्हटलं.

मग चुलीपुढे भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "उद्या कोन्ती भरता?"

"पिवळ्या दोऱ्याची. एलजी."

"काळ्याची काहून नायी?"

"एकच गोयी. चुकली तं जाईन नाल्यापलीकडं. एलजी बरी. लांब जात नायी, आन जवळून डुक्कर बसते."

"आन लागली मानसाले तं?"

"मानसाले कायले लागन?" बाबाराव खेकसला. "मी आंधया हाओ काय?"

रुखमाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी मात्र त्या दिवशी करपली, आणि तिच्या हातची भाकरी करपणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

पहाटे धुकं होतं. मार्गशीर्षातलं दव तुरीवरून पावसासारखं गळत होतं. हाक्याला निघालेल्या गड्यांनी खताच्या रिकाम्या पोत्यांच्या खोळी करून डोक्या-पाठीवर घेतल्या होत्या. तेलाचे डबे, ताटल्या, एक फुटका ढोल, असा सारा बाजा होता.

"आयका," बाबाराव सगळ्यांना म्हणाला. "ओळ मोडायची नायी. ओळीच्या पुढं कोनी यायचं नायी. कोनी म्हंजे कोनीच नायी."

"समजलं काका," भीमराज म्हणाला.

"आन त्यात डुकराच्या जागी वाघच निघाला तं वो?" जमीरनं विचारलं. तोही आला होता. नाल्यापलीकडे त्याचाच कापूस होता.

"मंग पयायचं," बाबाराव म्हणाला. कुणी हसलं नाही. झरी-मुकुटबनच्या भागात वाघ खरंच फिरतात, तिथं हा विनोद होत नाही.

नाल्याच्या काठावर एका मोहाच्या बुंध्याला टेकून बाबाराव बसला. पिवळा दोरा सोडून दोन्ही नळ्यांत काडतुसं भरली. एक काडतूस खाली पडलं, ते पुसून पुन्हा घातलं. समोर तुरीचं वावर, आणि उजव्या डोळ्यापुढे धुक्यात धुकं.

खाली डबे वाजायला लागले. ओरडा उठला. तुरीतून तितर फडफडत निघाले आणि बाबारावनं उगाच बंदूक उचलून पुन्हा खाली घेतली. मागं कुठं तरी पाचोळा वाजला. वळून पाहायची त्याची छाती झाली नाही. डुक्कर मागून आलं असेल तर संपलंच, असं त्याला वाटलं.

डबे जवळ येत होते. "आलं, आलं! वर गेलं!" कुणी तरी बोंबललं. तूर हलली. एका रांगेतून हलत हलत हालचाल सरळ त्याच्याकडे येऊ लागली.

त्यानं बंदूक खांद्याला लावली. डावा डोळा मिटून उजवा नळीवर ठेवला. धुकं. एक मळकट, काळपट ठिगळ, कमरेएवढं उंच, पुढे झुकलेलं, तुरीच्या बुडातून वर येणारं. डुक्कर. डुक्करच. की नाही? क्षणभर त्याला ममताची मांडी आठवली, मग हाफिज आठवला. आगे कोई नहीं, ये पक्का देखना. पण पुढे कुणी यायचं नाही, हे त्यानं साऱ्यांना बजावलं होतं की. ते ठिगळ एकदम वळून उसळलं आणि बाबारावच्या भेदरलेल्या बोटानं घोडा ओढला.

धुरात आवाज विरायच्या आधी किंकाळी आली. माणसाची.

"मेलो वो काका! मेलो!"

बाबारावच्या हातून बंदूक गळाली. मग तो धावला, पडला, उठला, तुरीच्या फांद्या तोंडावर आपटत गेल्या. पार बांधाजवळ भीमराज पालथा पडला होता, पाठीवर पोत्याची खोळ. ओणवा होऊन तो ओळीच्या पुढे आला होता. डुक्कर मरताना त्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं, ममताचा सूड म्हणून.

बाबारावचं डोकं सुन्न झालं. ममता दवाखान्यात, आणि तिच्या नवऱ्याला आपण मारलं. वाटाण्याएवढे मणी. पाठीत गेले असतील तर फुप्फुसाची चाळण झाली असेल. तो पुतण्याच्या शेजारी बसला आणि मोठ्यानं रडू लागला.

"बाजूले व्हा," कुणी तरी म्हणालं. रुखमाबाई होती. तिनं हातातली कुऱ्हाड बांधावर टाकली, पोत्याची खोळ ओढून काढली, स्वेटर वर केला. पाठीवर, कमरेवर लाल लाल ठिपके होते, रक्ताचे बारीक ओघळ होते. एवढंच होतं. पोत्याच्या घडीत अडकलेला एक दाणा तिनं चिमटीत धरला आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

ज्वारीएवढा होता. बाबाराव त्याच्याकडे बघतच राहिला.

"काका, कोन्ती भरली होती?" भीमराज विव्हळत म्हणाला. "एलजी?"

"चार नंबर," बाबाराव म्हणाला.

चिमण्या मारायचं म्हणून याच चार नंबरला भीमराजनं हिणवलं होतं. आता तो मातीत तोंड घालून हुंदके देत राहिला, आणि ते दुखण्याचे होते की वाचल्याचे, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

जमीरनं जीप काढली, मोहाखाली पडलेली बंदूकही उचलून आत ठेवली. मुकुटबनच्या दवाखान्यात दाणे काढले, पट्ट्या बांधल्या. बंदुकीचं प्रकरण म्हणून पोलिस आले. "चुकून सुटली म्हना," भीमराज झोपल्या झोपल्या कुजबुजला, "चूक मायी होती." पण बाबाराव सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मले उजव्या डोयानं दिसत नायी. वर्ष झालं. मी लपवलं."

बंदूक तिथंच जमा झाली. बापाची बंदूक शिपायाच्या हातात जाताना त्यानं पाहिली, तेवढी मात्र त्याला स्वच्छ दिसली, कारण डावा डोळा धड होता. पायातल्या वहाणा त्यानं काढल्या नाहीत.

चौकशी चालूच राहणार होती, पण संध्याकाळी त्याला घरी सोडलं. जीपमधून उतरून नवरा-बायको वावराच्या वाटेनं निघाली, कारण रुखमाबाईची कुऱ्हाड अजून बांधावरच पडली होती.

"दोरे तूच बदलले," बाबाराव शेवटी म्हणाला.

"हो. रात्री तुमी झोपल्यावर. पिवळे सोडले आन चार नंबरले बांधले."

"तुले डोयाचं कसं समजलं?"

"चांगलं दिसते थो मानूस काडतुसाले दोरे कायले बांधन?" ती म्हणाली. "ज्या दिवशी वणीहून दोरे बांधून आनले, त्याच दिवशी समजलं मले."

"मंग बोलली काहून नायी?"

"बोलली असती तं तुमी आयकलं असतं? बापाची बंदूक म्हनून माया डोक्यावर बसले असते."

ते खरंच होतं. बाबाराव खाली मान घालून चालत राहिला. मग अचानक थांबला.

"पर रुखमे, डुक्करच आलं असतं तं? चार नंबरच्यानं थे मेलं नसतं. चिडलं असतं. मले उभा फाडला असता त्यानं. याचा इचार केला काय तू?"

बांध आला होता. रुखमाबाईनं वाकून कुऱ्हाड उचलली. दांडा दवानं ओला झाला होता, तो तिनं पदरानं पुसला.

"केला ना," ती म्हणाली. "म्हून तं हे घेऊन तुमच्या मागं मोहाआड उभी होती. पहाटीपासून."

पाचोळा कशाचा वाजला होता, ते बाबारावला आता कळलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. साठीची बाई, हाडाची काडी, कुऱ्हाड धरलेले हात अजून थरथरत होते आणि त्या थरथरीनं बांगड्या दांड्यावर वाजत होत्या.

"तुले भेव नायी वाटलं?"

"वाटलं ना बाप्पा. अजून वाटून राह्यलं," ती तुरीकडे बघत म्हणाली. तूर कुठं तरी आत, वारा नसताना, हलली. "चाला लवकर. थे जित्तंच हाये."