बंडोपंत बसले का?

पद्मजाताई दिघ्यांनी वर्षभर वॉटर-स्कीइंग क्लबातल्या बावीस जणांचं डोकं खाल्लं होतं, आणि विषय एकच: नवी बोट. संक्रांतीच्या तिळगुळाला नवी बोट, होळीच्या गुजियांना नवी बोट, कुणाच्या मुलीच्या साखरपुड्यात ताट हातात धरून नवी बोट. गुडगावच्या ऑफिसात शंभर माणसं हाताखाली असलेली ही बाई मोबाइलवर बोटीच्या तळाचे फोटो मोठे करून करून दाखवायची. लोक हसायचे, पण खरं सांगायचं तर वाट सगळेच पाहत होते.

तलाव फरीदाबादच्या पुढे. वीटभट्टीवाल्यांनी माती उपसून केलेला लांबलचक खड्डा, त्यात पाणी साठलेलं. अकरा वर्षांपूर्वी या वेड्या लोकांनी तो भाड्याने घेतला आणि त्यात नारिंगी रंगाचे सहा बोये, म्हणजे तरंगते गोळे, बांधले. खेळ सांगायला सोपा. बोट मधोमध सरळ धावते. मागे दोरी धरून, एका स्कीवर, म्हणजे पायाला बांधलेल्या लांब फळीवर, उभा असलेला खेळाडू एकदा उजवीकडच्या बोयाला वळसा घालतो, एकदा डावीकडच्या, असे सहा. प्रत्येक वेळी बोटीमागची लाट ओलांडावी लागते, आणि घात तिथेच होतो. क्लबात जो कोणी पडे तो नाकातलं पाणी शिंकरत एकच वाक्य म्हणे, "लाटेनं पाडलं." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण अंगणही थोडं वाकडं होतं, हे मान्य करायला हवं.

जुन्या बोटीत चालकाची खुर्ची उजवीकडे, आणि चालक शामराव, पंच्याऐंशी किलोचे. मूळ वर्ध्याचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. ते सुकाणूवर बसले की बोट उजवीकडे कलायची आणि त्या बाजूची लाट अंगावर यायची. यावर तोड काढली ती पद्मजाताईंनीच. पानिपतहून आणलेल्या निळ्या-लाल सतरंजीची पिशवी शिवली, तीत पस्तीस किलो वाळू भरली आणि ती डाव्या बाकाखालच्या पेटीत ठेवली. पिशवीचं नाव पडलं बंडोपंत. तेव्हापासून निघण्यापूर्वी शामराव विचारत, "बंडोपंत बसले का?" ताई म्हणत, "बसले." मगच इंजिन सुरू होई. अकरा वर्षांत यात खंड नाही.

नव्या बोटीत कंपनीने खुर्ची मधोमध आणली होती, इंजिन हलवलं होतं, तळ नव्याने घडवला होता. लाट जवळजवळ उठतच नाही, असा दावा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी कंपनीचा माणूस ती ट्रकवरून आणणार, आणि दुपारी बाराला पुढे जयपूरला नेणार.

क्लबाचे अध्यक्ष भालचंद्र ओक. फरीदाबादेत गिअर कापायचं वर्कशॉप चालवून मोठा झालेला सरळ माणूस. त्यांनी ताईंना आधीच बजावलं होतं. "पद्मजा, बोट पटली तर घेऊ. नाही पटली तर बोये काढायचे आणि तलावात सहलीच्या नावा सोडायच्या. निम्म्या लोकांना तेच हवंय. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"रडेल माझी बला," ताई म्हणाल्या. पण जीव मात्र त्या सहा बोयांत अडकला होता. पस्तिसाव्या वर्षी, सगळ्यांची सगळी कामं करून कंटाळलेल्या असताना, त्या पहिल्यांदा पाण्यावर उभ्या राहिल्या होत्या. आता सेहेचाळीस. ठरलेल्या वेगाला पाच बोये जमत, सहावा आजवर एकदाही नाही. तो बाकी असताना बोये काढायचे म्हणजे तोंडातला घास काढून घेण्यासारखं होतं.

त्या रविवारी ताई सहालाच हजर. बोट पाण्यात उतरलेली, पांढरीशुभ्र, अंगावर एक ओरखडा नाही. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. तयारी त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. क्लबाची बारा मुद्द्यांची यादी त्यांनीच लिहिलेली, आणि एखादा मुद्दा राहिला की त्या समोरच्याची बिनपाण्याने करत. दोरी तपासली, हुक तपासला, लाइफ जॅकेटं ठेवली, डाव्या बाकाखालची पेटी भरली, झाकण लावलं. दहाला सगळे जमल्यावर शामराव मधल्या खुर्चीत बसले, जरा अवघडले, मग हसले.

"राजासारखं वाटतंय जी. बंडोपंत बसले का?"

"बसले," ताई म्हणाल्या, आणि इंजिन सुरू झालं.

पहिला मान इंद्रजितचा. वय सव्वीस, क्लबातला सगळ्यात तयार खेळाडू. पहाडगंजच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकला, पुढे मराठी हळूहळू गळत गेली. बोट निघाली. पहिला बोया झाला, दुसरा झाला आणि तिसऱ्याकडे जाताना पठ्ठ्या असा उडाला, की स्की एकीकडे आणि तो दुसरीकडे. त्याच्यानंतर मयुरा गेली, डॉक्टर बाई, कधी घाई न करणारी. ती दुसऱ्यालाच पडली.

काठावर कुजबुज सुरू झाली. "बडा घर पोकळ वासा," कुणीतरी म्हणालं. बोटीत मागे बसलेला कंपनीचा माणूस बिचारा गोंधळून पाणी उथळ आहे का विचारू लागला. भालचंद्रांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते.

ताईंना आधी इंद्रजितचाच राग आला. "रात्री जागला असशील," त्या म्हणाल्या.

"नाही ताई, कसम से. डावीकडे वेव्ह नाही, दीवार आहे यार. उजवीकडे बिल्कुल गुळगुळीत."

डावीकडे? ताई टॉवेल हातात धरून उभ्याच राहिल्या. या तलावात अकरा वर्षं लोक पडत होते, पण रडगाणं नेहमी उजवीकडचं. डावी बाजू कुणाला कधी नडलीच नव्हती. खुर्ची मधे आलेली. मग बोट डावीकडे कलायला डावीकडे आहे तरी काय?

त्या बोटीत गेल्या, पेटीचं झाकण उचललं. आत निळ्या-लाल पट्ट्यांत बंडोपंत ऐसपैस बसले होते. आपल्याच हातांनी बसवलेले.

आजूबाजूला कोणी नव्हतं. शामराव धक्क्यावर पाणी पीत होते, बाकीचे भालचंद्रांभोवती. पिशवी हळूच टॉवेलखाली घालून गाडीत टाकायची आणि म्हणायचं, "कंपनीवाल्यांनी काहीतरी नीट केलं, आता बघा." कुणाला कळलं असतं? बारा मुद्द्यांची यादी लिहिणारी बाई, बोटीवरून वर्षभर सगळ्यांचं डोकं खाणारी बाई, आणि तिनेच बोट कलती केली. लोक जन्मभर चिडवतील. ताईंना स्वतःची इतकी लाज वाटली, की कान तापले.

मग त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी उचलली आणि सरळ लोकांमधे नेऊन भालचंद्रांच्या पायाशी आदळली.

"बोटीचा दोष नाही. हा माझा पराक्रम. सवयीने ठेवला."

शामरावांनी कपाळाला हात लावला. "ताई, मीही विचारलंच ना. मला तरी काहून आठवलं नाही?"

मग हशा पिकला. इंद्रजित तर पोट धरून खाली बसला. भालचंद्र मात्र हसले नाहीत. "वेळ आहे एका फेरीचा," ते म्हणाले. "मग ट्रकवर चढवायचीय. कोण जातंय?"

इंद्रजितने खांदा चोळला. "ताई, आप जाओ. तुमचीच बोट आहे."

"माझी कशाने? अजून मतदान व्हायचंय," ताई म्हणाल्या, पण जॅकेटचे पट्टे आवळायला लागल्यासुद्धा.

पाण्यात उतरल्यावर धाकधूक राहिली नाही. हे त्यांचं पाणी होतं. त्यांनी हात वर केला, दोरी ताणली गेली, आणि त्या उभ्या राहिल्या. पहिल्या बोयाला वळसा घालून मधे आल्या, लाटेसाठी गुडघे सवयीने वाकवले, आणि लाट आलीच नाही. रस्त्यावरचा बारकासा उंचवटा गाडीखालून जावा तसं काहीतरी पायाखालून गेलं. दुसरा. तिसरा. डावी, उजवी, दोन्हीकडे सारखंच. चौथा. पाचवा. आणि मग सहावा, समोर, नारिंगी, इतका जवळ की त्याच्यावरचं शेवाळ दिसत होतं. ताईंनी वळायला अर्धा क्षण उशीर केला. दोरी सैल पडली, स्की घसरली आणि त्या धाडकन पाण्यात गेल्या.

बोट वळून आली आणि त्यांना घेऊन धक्क्याला लागली. धक्क्याच्या टोकाशी भालचंद्र वाकून उभे होते.

"काय झालं? लाट?"

ताईंनी नाकातलं पाणी शिंकरलं. जिभेवर तेच जुनं वाक्य येत होतं, अकरा वर्षांचं, घासून गुळगुळीत झालेलं.

"लाट नव्हतीच," त्या म्हणाल्या. "मी उशिरा वळले. मी पडले."

भालचंद्र वळून मागच्या लोकांना म्हणाले, "या तलावात लाटेला दोष न देता वर आलेला माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय. मला आणखी पुरावा नको. बोट घ्यायची असेल त्यांनी हात वर करा." स्वतःचा हात त्यांनी आधी वर केला. ताईंनी मोजायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांत पाणी होतं, तलावाचं आणि थोडं घरचं. विरोधात चारच जण राहिले, आणि बोये होते तिथेच राहिले.

कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं, मग ताईंचं तोंड पाहिलं, आणि म्हणाला, "अच्छा, एक राउंड और. जल्दी."

शामराव खुर्चीत बसले, जीभ चावली, आणि तरीही विचारलंच, "बंडोपंत बसले का?"

धक्क्यावर, उन्हात, सतरंजीची पिशवी भालचंद्रांच्या खुर्चीशेजारी टेकवून ठेवली होती.

"उतरले," ताई पाण्यातून म्हणाल्या, आणि सहाव्या बोयाकडे बघत त्यांनी हात वर केला.