भाडं कुणाला द्यायचं

गुणाजीला खोली मिळाली तेव्हा पहिला संशय आला तो जानकीला.

"भाडा येवढा कमी कित्याक, ता इचारलात काय?" तिने विचारलं. गुणाजीने विचारलंच नव्हतं. खोली बघून त्याला एवढा आनंद झाला होता की ते सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी त्याने विचारलं नसतं. चांगलं काही समोर आलं की उगाच त्याच्या मुळाशी जाऊ नये, असं अलीकडे त्याचं मत झालं होतं.

अलीकडे म्हणजे संपानंतर. आधी तो परळच्या एका गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होता. संप मिटेल मिटेल म्हणता म्हणता गिरणीच गेली, मग गाववाल्यांबरोबरची खोली गेली, आणि बायको-मुलीला घेऊन तो घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर बहिणीकडे आला. वर्षभराने जोगेश्वरीच्या एका रंगाच्या कारखान्यात डबे भरायच्या खात्यात त्याला काम मिळालं. काम बरं होतं, पण जाणं-येणं जीव काढायचं. बस साकीनाक्याला अडकली की तिथून हलायचं नाव घेत नसे. अंधेरीला उतरून पुन्हा दुसरी बस धरायची. तो निघायचा तेव्हा सुगंधा झोपलेली असायची आणि परतायचा तेव्हाही झोपलेली. चार वर्षांची ती पोर. एकदा रविवारी तिने आईला विचारलं, हे मामा आज कामाला गेले नाहीत का? ते ऐकल्यापासून गुणाजी सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या आसपास खोली शोधत हिंडायला लागला.

खोल्या नव्हत्या असं नाही. एकाने पागडी सांगितली ती ऐकून तो तिथूनच मागे फिरला. एकाला मासे न खाणारं बिऱ्हाड हवं होतं. एक खोली सगळ्या बाजूंनी पसंत पडली, पण तिची मागची भिंत म्हणजे शेजारच्या तबेल्याची भिंत होती आणि म्हशी रात्रभर तिला अंग घासायच्या. असे काही महिने गेले, आणि मग चहाच्या टपरीवर सहदेव भेटला.

सहदेव चाळिशीचा, अंगाने आडवा, त्याच भागातला मूळचा माणूस. जोगेश्वरीच्या गुंफेमागे बापाने बांधलेल्या तीन खोल्या त्यांच्या मालकीच्या होत्या. एका ओळीत तीन दारं, त्यातली शेवटची खोली रिकामी होती. त्याने गुणाजीला दोनच गोष्टी विचारल्या: बायको-मूल बरोबर राहणार ना, आणि सामान किती. मग म्हणाला, उद्याच ये राहायला. गुणाजी म्हणाला, एवढ्या लवकर कसं जमेल? तर सहदेव म्हणाला, मग आज ये.

ते खरोखरच दुसऱ्या दिवशी राहायला गेले. कारखान्याचा भोंगा खोलीत ऐकू यायचा. जेवणाच्या सुट्टीत गुणाजी चालत घरी यायचा, गरम भात-आमटी जेवायचा आणि परत जायचा. सुगंधा दारात उभी राहून त्याची वाट बघायची. जानकीचा संशय तिच्या पोटात राहिला, पण तीसुद्धा गुणगुणत भांडी घासायला लागली.

मग एका संध्याकाळी बाळा आला. हा सहदेवचा धाकटा भाऊ, मधल्या खोलीत राहणारा. सासुरवाडीला लग्नासाठी गेला होता, तो परत आला होता. उंबऱ्यावर बसला, पाणी मागून प्यायला, सुगंधाचं नाव विचारलं, घर आवडलं का म्हणून जानकीची चौकशी केली. आणि मग अगदी सहज बोलल्यासारखा म्हणाला, "तुम्हाला इथे कोणी ठेवलं?"

"सहदेवशेठनी," गुणाजी म्हणाला.

"बरं केलं. पण ही खोली माझी आहे."

गुणाजी उभाच राहिला. त्याने विचारलं, "मग आम्ही जायचं काय?"

"छे हो. तुम्ही कशाला जाताय? राहा की आरामात. फक्त भाडं मला द्या."

त्याचं झालं होतं असं, की बाप वारला तेव्हा पहिली खोली थोरल्याकडे आणि मधली धाकट्याकडे, एवढं ठरलं होतं. शेवटचीचं काही ठरायच्या आतच बापाने डोळे मिटले. दोघांनाही ती हवी होती, म्हणून तिला वर्षभर कुलूप. बाळा सासुरवाडीला गेल्याचं बघून सहदेवने कुलूप काढलं आणि पहिला माणूस भेटला तो आत घातला. भरल्या घराला कुलूप कसं लावणार? घाई होती ती त्यासाठी, आणि कमी भाडं होतं तेही त्याचसाठी. गुणाजीला हे सगळं बाळाने सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी सहदेवनेही सांगितलं, फक्त त्याच्या सांगण्यात खोली त्याची होती. दोघांचंही ऐकताना गुणाजीला दोघेही खरे वाटले.

कारखान्यात त्याने चारचौघांना विचारलं. एक म्हणाला, ज्याने आणलं त्याला दे. दुसरा म्हणाला, ज्याचा हात आधी उठेल त्याला दे. तिसरा म्हणाला, दोघांनाही देऊ नकोस, कोर्टात भर. चौथ्याने सल्ला दिला नाही. त्याने फक्त विचारलं की तू खोली सोडलीस तर मला मिळेल का. गुणाजी डबे भरता भरता तेच घोळवत राहिला आणि दोन डब्यांत भलताच रंग गेला.

पुढचे दिवस तर विचारायलाच नको. नळ बाळाच्या दारापुढे होता आणि विजेची जोडणी सहदेवच्या मीटरवरून होती. गुणाजी सहदेवला म्हणाला, भाडं तुम्हालाच देतो. तर सकाळी नळाला कुलूप. मग तो बाळाकडे गेला आणि तुम्हाला देतो म्हणाला. पाणी आलं, आणि दिवेलागणीला दिवाच लागेना. पाणी आलं की दिवा जायचा, दिवा आला की पाणी. आणि गंमत अशी की दोघांपैकी कोणीही त्याला वाकडा शब्द बोलत नव्हतं. नळ बंद असेल त्याच दिवशी बाळाची बायको वाटीभर कालवण आणून द्यायची. दिवा घालवून सहदेव सुगंधासाठी पेरू घेऊन यायचा. गुणाजीला यातलं काही उलगडत नव्हतं. गिरणीत निदान समोर कोण उभं आहे ते कळायचं. इथे दोन मालक, दोघेही गोड, आणि त्याच्या घरात एकतर अंधार नाहीतर कोरडी घागर.

"माका काय एक कळना नाय," तो जानकीला म्हणाला. तिने भाड्याचे पैसे फडक्यात बांधून बाजूला ठेवून दिले. ज्याचे असतील तो नेईल, म्हणाली, आणि घागर घेऊन लांबच्या नळावर गेली. पण परत असल्फ्याला जाऊया, असं ती म्हणाली नाही. तोही म्हणाला नाही.

या घरात कोणी वडीलधारं माणूस नाही का, असं शेवटी जानकीनेच बाळाच्या बायकोला विचारलं. आहेत की, ती म्हणाली. सासूबाई बोरीवलीला नणंदेकडे असतात. आधी इथेच राहायच्या, एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. शेवटच्या खोलीवरून भांडण पेटलं तशा लेकीकडे निघून गेल्या. शहाणे झालात की बोलवा, म्हणाल्या. तेव्हापासून कोणी बोलावलेलं नाही.

रविवारी गुणाजी बोरीवलीला गेला. लेकीचं घर सोसायटीत होतं, जिन्यात गुजराती नि मराठी नावांच्या पाट्या एकाखाली एक. सोनूबाई गॅलरीत बसून वालाच्या डाळिंब्या सोलत होत्या. लहानखुरी, काटक बाई. कोण, कुठला, कशाला आला हे त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं. मुलं कशी आहेत, हे त्यांनी विचारलं नाही.

"मागची खिडकी उघडते का?" त्यांनी विचारलं.

"घट्ट बसलीय."

"वर उचलून ढकलायची. मोरीत पाणी तुंबतं?"

गुणाजी म्हणाला, पाणीच नसतं तर तुंबणार काय. त्यावर त्या हसल्या नाहीत. मागच्या शेवग्याला शेंगा धरल्यात का, तेवढं विचारलं. धरल्यात, तो म्हणाला. मग धीर करून त्याने मुद्द्याचं काढलं. "आई, पण ती खोली कुणाची?"

सोनूबाईंनी दोन-चार डाळिंब्या सोलल्या. "त्या खोलीत माझी तिन्ही बाळंतपणं झाली," त्या म्हणाल्या.

हे उत्तर होतं की नाही ते गुणाजीला कळलं नाही. पुन्हा विचारावं तर तेही बरं दिसेना. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "तुझी बायको स्वभावाने कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"थोडी रागीट आहे."

"मग जमेल," सोनूबाई म्हणाल्या, आणि लेकीला त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितला. चहा पिऊन तो निघाला. काय जमेल, हे त्याने जोगेश्वरी येईपर्यंत नाना प्रकारे लावून पाहिलं, काही बसेना. घरी जानकीने विचारलं, काय म्हणाली म्हातारी? तो म्हणाला, खिडकी वर उचलून ढकलायची असते.

चार-पाच दिवसांनी गुणाजी जेवायला घरी आला असताना बाहेर रिक्षा थांबली. सोनूबाई ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरल्या. सहदेवच्या दारावरून पुढे आल्या, बाळाच्या दारावरून पुढे आल्या, आणि शेवटच्या दारात येऊन त्यांनी जानकीला हाताने बाजूला होण्याची खूण केली. ट्रंक गुणाजीनेच आत घेतली. आपण ती का घेतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

दोन्ही मुलगे धावत आले. सहदेव म्हणाला, "आई, आमची घरं असताना तू परक्याकडे राहणार?"

"तुमच्याकडे मी पाळीपाळीने राहिले," सोनूबाई म्हणाल्या. "पाळीने नळाला पाणी येतं रे. माणसाला नाही राहता येत तसं."

"पण हा भाडेकरू आहे," बाळा म्हणाला.

"हो. माझा. भाडं तो माझ्या हातावर ठेवेल. आता नळ सोड. आणि तू दिवा जोड."

लोक काय म्हणतील, असं दोघेही म्हणाले. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा ते एकाच सुरात बोलले असतील. लोकांचं मी बघते, सोनूबाई म्हणाल्या. नळ सुटला, दिवा जोडला गेला. गुणाजी भोंगा वाजताच कारखान्यात परत गेला, आणि आपण जिंकलो की हरलो याचा विचार करत बसला. घर राहिलं होतं. पण दहा बाय बाराच्या त्या खोलीत आता मालकीणच राहायला आली होती. तिला आपण घरात घेतलं, की तिने आपल्याला ठेवून घेतलं?

पुढे तर ते आणखीच कळेनासं झालं. पहिल्या तारखेला सोनूबाई भाडं मोजून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच पैशांतून बाजार घेऊन यायच्या. कालवण मोठ्या टोपात शिजायचं, एक वाटी सहदेवकडे, एक बाळाकडे, उरलेलं इथे. ते भाडं होतं की खानावळीचे पैसे, हे गुणाजीने हिशोब करून पाहायचं ठरवलं आणि सोडून दिलं. संध्याकाळी सहदेव आईशी बोलायला यायचा, उंबऱ्यावर बसायचा. बाळा आला की उठून जायचा. पावसाळ्यानंतर केव्हातरी त्याने उठून जाणं सोडलं. दोघे एकमेकांशी बोलत नसत, पण दोघेही आईशी बोलत, आणि एकाने केलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरा आईला देत असे.

भडका उडाला तो भलतीकडेच. जानकीने बांगड्याचं तिखलं टाकलं होतं, तिरफळं घालून, आपल्या गावच्या पद्धतीचं. ती नळावर गेली तेवढ्यात सोनूबाईंनी त्यात चिंचेचा कोळ ओतला. आमच्यात असंच करतात, म्हणाल्या. जानकीने इतके महिने गिळलेलं सगळं त्या दुपारी बाहेर काढलं: मीठ, मोरी, पोरीच्या वेण्या, सगळंच. सोनूबाईंनीही मागे ठेवलं नाही. गुणाजी सुट्टीत जेवायला आला तेव्हा जानकी पिशवीत कपडे भरत होती आणि म्हणत होती, मी चालले असल्फ्याला. सोनूबाई ट्रंक ओढत म्हणत होत्या, तू कशाला, मीच जाते बोरीवलीला. दोघी एकदमच उंबऱ्यात आल्या आणि दाराला दोघींचं माप नव्हतं, तशा तिथेच अडकल्या.

गुणाजी अंगणात उभा होता. कुणाचा हात धरावा? बायकोचा धरला तर मालकीण चालली, आणि मालकिणीचा धरला तर बायको. शेजारच्या दारांतून दोघे भाऊ त्याच्याकडे बघत होते, जणू ठरवायचं त्यानेच. 

"मला पुन्हा कामावर जायचंय," तो म्हणाला. "कोण जातंय ते ठरवा. तोवर मी जेवतो."

दोघींच्या मधून अंग चोरून तो आत गेला. पाट घेतला, ताट घेतलं, स्वतःच भात वाढून घेतला. तिखल्याच्या टोपात त्याने डाव बुडवला तो थेट तळापर्यंत, बांगडे मोडतील असा.

"अवो, तसा नाय," जानकी म्हणाली आणि पिशवी खाली ठेवून आत आली. तिच्यामागे सोनूबाई आल्या. त्यांनी त्याच्या हातातून डाव काढून घेतला आणि जानकीच्या हातात दिला. जानकीने वाढलं. गुणाजीने घास खाल्ला. दोघीही त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कसं झालंय?" सोनूबाईंनी विचारलं.

 त्याने आणखी भात मागून घेतला.