न उचललेली टोपली

मित्रांनो, घाटकोपरच्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या खणात एक राखाडी डबा आहे. जवळ गेलात तर सुक्या बोंबलांचा वास येईल. तो डबा म्हणजे मी. किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, गायगर काउंटर. यंत्राला बोंबलांचा वास का येतो, हीच माझी कहाणी.

माझा जन्म अडुसष्ट सालचा. पत्र्याचं अंग, पोटात वायू भरलेली नळी आणि तोंडाच्या जागी छोटा स्पीकर. नळीतून किरण गेला की मी 'टिक' म्हणतो. आयुष्यभर एवढंच बोललो. 'टिक, पण घाबरू नका' असं म्हणायची सोय माझ्यात बसवलेली नाही. कारखान्यात कोणाला तरी हे सुचायला हवं होतं.

तुम्हाला वाटेल, धोका नसेल तर मी गप्प बसत असेन. तसं नाही. रिकाम्या खोलीत ठेवलंत तरी मिनिटाला वीसेक टिक होतातच. काही किरण थेट आकाशातून येतात, काही जमिनीतून, दगडविटांतून, हवेतून. केळ्यात थोडा किरणोत्सर्ग असतो, मासळीत असतो, तुमच्यात असतो, तुमच्या प्राचार्यांतही असतो. त्यात माणसाने स्वतःची भर घातली: क्ष-किरणांची यंत्रं, जुन्या अणुचाचण्यांची धूळ, घड्याळाचे रेडियमचे काटे, गॅसबत्तीतली पांढरी जाळी. हे सगळं मिळून जगात एक बारीक टिकटिक कायम चालू असते. तिच्यातच तुमचे आजोबा जन्मले आणि वाढले.

माझे वैभवाचे दिवस म्हणजे कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन. आमचे लॅब असिस्टंट अंबादास मला गॅसबत्तीच्या जाळीजवळ नेत. मी तडतडलो की पोरं टाळ्या वाजवत. अंबादासांचा एक नियम होता. आधी एक मिनिट रिकामी जागा मोजायची, मग त्याच जागी वस्तू ठेवून मोजायचं. हा नियम ते इतक्यांदा सांगत की मागच्या बाकावरची मुलं जांभई देत देत तो म्हणून दाखवत.

शहाऐंशी साली दूर सोविएत देशात अणुभट्टी फुटली. महिनोन्महिने पेपरात तेच. आमच्या कॉलेजामागच्या सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीस यांनी ते सगळं वाचलं आणि एक दिवस त्यांचं लक्ष मासळीवाल्या सगुणामावशीकडे गेलं. मावशी माहुलची. माहुल ट्रॉम्बेच्या शेजारी आणि ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र, एवढ्यावर टिपणिसांचं गणित सुटलं. वास्तविक मावशीची मासळी भाऊच्या धक्क्यावरची असे. माहुलचा होता तो फक्त तिचा पत्ता.

अंबादासांना बोलावणं आलं. प्राध्यापकांनी मला दोन तासांसाठी दिलं आणि बजावलं, यंत्र खराब व्हायला नको, वासबीस तर मुळीच नको.

आम्ही पोचलो तेव्हा सगुणामावशी सोसायटीच्या दाराच्या पायरीवर टोपली मांडून बसली होती. अकरा घरची माणसं ताटल्या घेऊन उभी होती आणि घेत कोणीच नव्हतं. अंबादासांनी मला फाटकापाशी काळ्या दगडाच्या कट्ट्यावर ठेवून मोजलं. एकोणीस. मग मला पायरीवर, टोपलीला लागून उरलेल्या वीतभर जागेत ठेवलं. अडतीस.

मित्रांनो, टेकताक्षणी मी ती पायरी ओळखली. गुलाबी ग्रॅनाइट. टिपणिसांनी दक्षिणेतून हौसेने मागवला होता आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवला होता. मुंबईचा आपला काळा दगड अबोल. हा ग्रॅनाइट बोलका. निरुपद्रवी, पण बोलका. मी जीव तोडून सांगत होतो, मासळी नाही, पायरी. बाहेर पडत होतं फक्त टिक.

"दुप्पट," टिपणीस म्हणाले.

अंबादासांना नियम आठवला. जागा बदलली होती, हे बरोबर नव्हतं. ते मावशीला म्हणाले, टोपली जरा बाजूला घ्या, रिकामी पायरी मोजतो.

"भवानी झाली नाय दादा," मावशी म्हणाली. "एकदा मांडलेली टोपली पहिली विक्री झाल्याबिगर मी उचलत नाय, त्यातला मासा पण बाहेर काढत नाय. माझ्या सासूनं उचलली नाय. कोणी पण एक वाटा घ्या, लगेच उचलते."

आता झालं असं की यंत्राने निर्वाळा दिल्याशिवाय कोणी वाटा घेईना, वाटा घेतल्याशिवाय टोपली उठेना आणि टोपली उठल्याशिवाय यंत्राला निर्वाळा देता येईना. सगळे सुशिक्षित लोक ताटल्या घेऊन या कोड्याभोवती पाऊण तास उभे राहिले.

कोडं सोडवणं एका माणसाच्या हातात होतं. अंबादासांनी खिशात हात घातला. बोंबलांचा वाटा दोन रुपयांचा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिशवी एकच होती आणि तिच्यात मला ठेवायचं होतं. वासबीस मुळीच नको. हात रिकामाच बाहेर आला.

संध्याकाळी फाटकावर नोटीस लागली: मावशीची मासळी कोणी घेऊ नये. आठवड्यात अख्ख्या गल्लीने मावशीला दारं बंद केली.

पंधरा दिवस अंबादास नीट जेवले नाहीत. मग कोणाला न सांगता मला घेऊन गेले आणि मोकळी पायरी मोजली. एकोणचाळीस. टोपली नसताना एक जास्तच. त्यांनी टिपणिसांना समजावलं की दोष मासळीचा नव्हता आणि पायरीचाही नाही, दगड दगडासारखाच वागतोय, नोटीस तेवढी काढा. टिपणिसांच्या डोक्यात फक्त पायरी शिरली. "हे कोणाला बोलू नका हं," ते म्हणाले, "जागेचे भाव पडतील." नोटीस राहिली. पायरीवर काथ्याचं पायपुसणं आलं. टिपणीस तेव्हापासून ती पायरी उडी मारून ओलांडू लागले. वय वर्षं अठ्ठावन्न.

पुढच्या रविवारी आम्ही माहुलला गेलो. सगुणामावशी दुसऱ्याच्या ओट्यावर मजुरीने कोळंबी सोलत होती. तिची टोपली अंगणात पालथी पडली होती आणि तिच्याखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. अंबादासांनी सगळं सांगितलं. मावशी सोलता सोलता ऐकत राहिली. मग म्हणाली, ते इथं लावा.

अंबादासांनी मला तिच्या शेजारी ठेवलं. पूर्ण मिनिटभर ती हात थांबवून ऐकत होती. वीस.

"त्यांच्या फाटकाएवढंच की."

"तेवढंच, मावशी."

"तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"शंका होती."

"मग एक वाटा का नाय घेतलात, दादा? मी उचलली असती."

अंबादासांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला देता आलं असतं. माझ्यामुळे, मावशी. मला वास लागू नये म्हणून.

अंबादासांनी तिला परत यायची विनंती केली. ती म्हणाली, ज्यांनी नोटीस लावली त्यांनी बोलवावं. त्यांनी बोलावलं नाही.

निघताना अंबादासांनी सुके बोंबील मागितले. मावशीने घरातून आणून दिले. दोन रुपये घेतले आणि सवयीने कपाळाला लावले. मग अंगणात गेली, पालथी टोपली एका हाताने उचलून पाहिली आणि कोंबडीवर पुन्हा अलगद ठेवली.

बोंबील अंबादासांनी त्याच पिशवीत, मला लागून ठेवले. प्राध्यापकांनी सोमवारी पिशवी उघडली आणि मिटली. त्या दिवसापासून मी खालच्या खणात आहे. प्रदर्शनाला आता नवं यंत्र जातं. त्याला वास नाही. टिक मात्र तेच म्हणतं.

मित्रांनो, तक्रार नाही माझी. फक्त एक मागणं आहे. कुठलंही यंत्र कोणाच्या दारात टिकटिकलं, तर लगेच ताटली मागे घेऊ नका. आधी विचारा, रिकामी जागा मोजली का? आणि टोपली उचलायला एक वाटा बोंबील घ्यावा लागत असेल, तर घ्या. वासाचं मी बघतो.