जमनीचं मागचं दार

जमनीनं घराची मागची भिंत फोडली आणि दुपार व्हायच्या आत तांडाभर झालं, लखीरामच्या बायकोनं मागून दार पाडलं.

आता शहरातल्या माणसाला वाटेल, दार पाडलं त्यात काय एवढं. पण दिग्रसकडच्या या तांड्यात घराला एकच दार असायचं, तेही समोर, बैलांच्या दावणीकडे तोंड करून. ती लदेणीच्या दिवसांपासूनची चाल. बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून बंजाऱ्यांनी मुलूखच्या मुलूख पालथा घातला, तेव्हा बैल म्हणजेच पाय आणि बैल म्हणजेच पोट होतं. डोळा उघडला की आधी बैल दिसला पाहिजे. लदेणी आज्या-पणज्याबरोबर गेली, हाती कापसाची शेती आली, दावणीला दोन-चार जनावरं उरली, पण दार काही वळलं नाही. मागचं दार म्हणजे लक्ष्मीची पळवाट, असं म्हणून मोकळे.

दुसरी एक चाल होती, तीही तेव्हाचीच. संकट कोणतंही येवो, पूर येवो, वाघ येवो, आग लागो, पुरुषानं आधी बैल सोडायचे. बैल सुटला की तांडा सुटला, असं म्हातारे मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

हे बोल कानी आले की जमनीच्या काळजाचं पाणी व्हायचं. आदल्या वर्षी, महाराष्ट्र नुकताच झाला त्या वैशाखात, दुपारच्या वाऱ्यानं कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली. कापसाच्या पऱ्हाट्यांचे कूड आणि गवताची छपरं, त्यांना पेटायला निमित्तसुद्धा लागत नाही. जमनी पोटुशी, विहिरीवर पाण्याला गेली होती. लखीराम घरापुढं सावलीत पडला होता. तो उठला आणि बापानं, आज्यानं शिकवलं तसा दावणीकडं धावला. दावी कापली, बैल रानात हाकलले. वळून बघतो तर घराचं दार पेटलेलं, आणि आत झोळीत त्यांची लहानगी लेक गंगी. मागून शिरायला वाट नव्हती.

बैल वाचले. लोकांनी लखीरामची पाठ थोपटली, जनावर राखलं म्हणाले. जमनीनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिच्या जिवातली आग काही विझली नाही. ती नवऱ्याला भाकर वाढायची, शेतात त्याच्या बरोबरीनं राबायची, पण गंगीचं नाव तिनं त्याच्यापुढं एकदाही घेतलं नाही. त्यानंही घेतलं नाही. दोघं एका घरात राहत होते, एवढंच म्हणायचं.

नवं घर उभं राहिलं तसा तिचा राग कामाला लागला. वारा सुटायच्या आत तिची चूल विझलेली असायची, मग नवरा उपाशी राहो की शिळं खावो. चुलीपाशी वाळूचं टोपलं, दाराशी पाण्याचे माठ. बियाणं घरात न ठेवता शेताच्या बांधाला पेव खणून त्यात पुरलं. सासऱ्याच्या वेळची एक जुनी गोणी होती, तीत पीठ, मीठ, दोर, विळा, लेकराचे कपडे भरून तिनं ती तोंड आवळून ठेवली. पाठीला लावली की निघता यावं अशी.

"काव जमने, लदेणीले निघाली का?" बाया हसायच्या.

"जा लागलं तं हाताशी असावी म्हनून बांधली," जमनी म्हणायची आणि आपल्या कामाला लागायची.

शेवटी तिनं मागचं दार पाडलं, आणि गंगीच्या पाठच्या सेवादासची झोळी त्या दाराशी बांधली. इथवर हसणारी माणसं आता हसेनात.

त्या महिन्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. एकाची गाय मेली. वैशाखात विहिरी आटतातच आणि म्हातारी गाय काही अमरपट्टा घेऊन येत नाही, पण खापर फोडायला डोकं लागतं. ते जमनीचं सापडलं. तांड्याचा नायक हिरासिंग तसा न्यायाचा माणूस, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. पण चालीरीतीपुढं त्याचं डोकं कधी चाललं नव्हतं.

सरपणाला बाया रानात गेल्या होत्या, तेव्हा निंबाखाली पंचायत बसली. पुरुष सगळे हजर. जमनीला बोलावलं होतं ते उभं राहून ऐकायला. लखीराम बाजूला बसला होता, समोर पऱ्हाट्यांची मोळी आणि तुडवलेल्या चिखलाचा ढीग. दार बुजवायला नायकानं सांगितलं म्हणून सकाळी त्यानंच आणून टाकलं होतं. जमनीनं तो ढीग बघितला. तिला वाटलं, याच्यापरीस यानं मला मारलं असतं तर बरं.

"आज सूर्य बुडाच्या आत दार बुजवाचं," हिरासिंग म्हणाला. "नाई तं तुमी तांड्याबाहेर. विस्तव बंद, पानी बंद. उद्या पोट्टा मोठा झाला तं कोनी पोरगी देनार नाई."

तांड्याबाहेर म्हणजे जितेपणी मेलेलं. लखीरामनं मान खाली घातली.

"दार बुजनार नाई," जमनी म्हणाली.

सून पंचायतीत बोलली. एकजण खाकरला, एकानं कपाळाला हात लावला.

"लखीराम, बायकोले समजाव."

"त्याईले कायले पुसता? दार म्या पाडलं. मले पुसा काहून पाडलं ते."

"काहून पाडलं?"

"आग लागली तं तुमी लोक बैलाकडं पयता म्हनून."

"मंग काय करावं? बैल जाळावे?" हिरासिंग चिडला. "अन् घरात मानूस असन तं मानूसच पहिले काढतो आमी. आमाले काय काळीज नाई? मांगच्या साली कोनाले मालूम नोतं, पोट्टी आत हाय म्हनून."

"तिच्या बापाले मालूम होतं," जमनी म्हणाली.

वर्षभरात पहिल्यांदा ते शब्द उघड्यावर आले. लखीरामनं मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

ती सरळ नायकाच्या घरापुढं गेली. तिथं नगारा होता. तो वाजवायचा तो सणाला, नाही तर आभाळ कोसळलं तर, आणि बाईनं त्याला हात लावल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिनं टिपरू उचललं आणि सगळा जीव लावून नगारा बडवला.

"आग लागली," ती ओरडली. "तांड्याच्या वरच्या अंगाले आग लागली."

पंचायत उधळली. वारा तर सुटलाच होता, धूळ उडत होती, धूर आहे की नाही हे बघायला कोण थांबतं. जो तो दावणीकडं पळाला. दावी सुटली, बैल हंबरले, एकमेकांच्या अंगावर गेले. नायक वयानं साठीचा, पण सगळ्यांच्या पुढं. त्यानं आपली जोडी सोडली आणि कासरे धरून तांड्याबाहेर काढली.

बाहेर येऊन त्यांनी मागं बघितलं. धूर नव्हता. पुरुष कासरे धरून उन्हात उभे होते, आणि तांड्यात लेकरं रडत होती. कुणाचं झोळीत, कुणाचं अंगणात. एक आंधळा म्हातारा दाराची चौकट चाचपत काय झालं, काय झालं म्हणून विचारत होता.

नायकाच्या घरातून जमनी बाहेर आली. तिच्या पाठीवर बिजलीबाई होती, हिरासिंगची आई. कमरेखाली लुळी झाल्यापासून म्हातारी खाटेवरच असायची. जमनी वाकून, पाय टाकत टाकत, तिला थेट लेकापुढं घेऊन आली.

"हिरा," म्हातारी म्हणाली, "बैल नीट हायेत ना रे?"

हिरासिंगच्या हातातला कासरा तसाच राहिला. "याडी," तो म्हणाला. आई, एवढंच.

"म्या हाका मारल्या तुले. तुय्या बापाले बी अशीच हाका मारलती पुरात. त्यानं बी बैलच काढले. मी झाडाले धरून वाचली." तिनं जमनीच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "माया घराले मांगून दार पाड. तू पाडत नसशीन तं या पोरीले सांगतो."

मग एकाला आठवलं की आपली पोर घरात आहे आणि तो बैल सोडून धावला. त्याच्यामागं बाकीचे.

"खोटी हाळी देल्ली त्याचा दंड पडन," हिरासिंग हळूच म्हणाला.

"टाका दंड. भरतो मी. पन दार बुजनार नाई."

म्हातारीला खाटेवर निजवून जमनी घराकडं वळली, आणि वळल्यावर तिच्या ध्यानात आलं की कासरे धरलेल्या माणसांत लखीराम नव्हता. त्यांची जोडी दावणीलाच बांधलेली होती, भेदरून दावी ओढत होती. चिखलाच्या ढिगात कुणाचा तरी पाय रुतून निघाल्याची खूण होती.

ती घरामागं गेली. लखीराम मागच्या दारातून निघून दूर पळसाखाली बसला होता. सेवादासला त्यानं छातीशी असा आवळला होता की पोर कळवळून रडत होतं. पायाशी जुनी गोणी पडली होती. आग खोटी आहे हे त्याला अजून कळलंच नव्हतं.

"बैल राह्यले," तो म्हणाला. "बैल राह्यले व आत."

"राहू द्या," जमनी म्हणाली. "आग नाई लागली."

तो लेकराच्या डोक्यावर तोंड ठेवून रडायला लागला. "गंगे," म्हणाला. "माये गंगे." जमनी त्याच्याजवळ बसली. वर्षभर तिनं जे डोळे कोरडे ठेवले होते ते आता तिला आवरेनात, आणि तिनं आवरलेही नाहीत.

ऊन उतरल्यावर लखीराम निंबाखालचा चिखल पाटीत भरून घेऊन आला. वाटेत एकानं विचारलं, "बुजवतं काय रे शेवटी?"

"उंबरठा कराचा हाय," लखीराम म्हणाला. "मांगच्या दाराले."